शुगर आहे, तरी पॉलिसी

शुगर निघाली की मेडिक्लेमच्या भानगडीत पडू नये, प्रीमियमइतके पैसे दरवर्षी एफडीत टाकावेत, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं, माहेरच्यांना सांगितलं. आता मी नेमकं उलट सांगते.

तेव्हाचं मत हवेतलं नव्हतं. आधीपासून असलेल्या आजाराच्या खर्चासाठी 4 वर्षांपर्यंत थांबावं लागे. वयाच्या पासष्टीनंतर नवी पॉलिसी द्यायची की नाही, ही कंपनीची मर्जी. अर्जातल्या माहितीवर बोट ठेवून क्लेम नाकारायची मुभा त्यांना 8 वर्षं असे. पन्नाशी उलटलेल्या मधुमेही बाईला या हिशेबात एफडीच बरी वाटणार.

1 एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने हे बदललं. थांबण्याचा काळ जास्तीत जास्त 3 वर्षं. वयाची अट गेली. सलग 5 वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही माहिती दिली नव्हती’ असं म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला.

पण नियम वाचून माझं मन वळलं नाही. ते वळलं दिरांच्या डेंग्यूने. त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही, आणि पॉलिसीचं पहिलंच वर्ष. प्लेटलेट्स झपाट्याने उतरल्या, आयसीयूत हलवावं लागलं. मी मनात धरूनच चालले होते की काही मिळणार नाही. क्लेम मंजूर झाला. डेंग्यूचा शुगरशी काय संबंध? पहिले 30 दिवस सरले की आधीच्या आजाराशी संबंध नसलेल्या बहुतेक दुखण्यांना पॉलिसी लागू होते, अपघाताला तर पहिल्या दिवसापासून. मोतीबिंदू, हर्निया अशा काही ठरावीक गोष्टींना वेगळी मुदत असते, तेवढं आधी विचारून घ्यावं. मधुमेही माणूस फक्त मधुमेहानेच आजारी पडतो असं थोडंच आहे! पायाची जखम चिघळली तर वाद होऊ शकतो, हे मात्र खरं.

मग मीही अर्ज केला. एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, बीपीचं लिहायला कशाला हवं? प्रीमियम वाढेल.’’ मी लिहिलं. गोळ्यांची नावं, एमजी, कोणत्या वर्षापासून, मागचा एचबीएवनसी 7.8. घरी येऊन रक्त घेऊन गेले, ईसीजी काढला. कंपनीचं पत्र आलं: लोडिंग लावून पॉलिसी देतो, मान्य असेल तर सही करा. सही केली. आता पॉलिसीच्या कागदावर माझे दोन्ही आजार छापलेले आहेत, म्हणजे उद्या मी ते लपवले असं कुणी म्हणू शकत नाही. वाढीव प्रीमियम मी याच ओळीसाठी भरते. जास्त पैसे मोजायची तयारी असेल त्यांच्यासाठी डायबिटीस, बीपी, कोलेस्टेरॉल, दमा पहिल्या दिवसापासून धरणाऱ्या पॉलिसीही आहेत. माझ्या पेन्शनीत ते बसलं नाही.

सासूबाईंसाठी मात्र पॉलिसी शोधली नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं: कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. जवळचं हॉस्पिटल योजनेत आहे का, एवढं आधी बघायचं.

एफडी मी मोडलेली नाही. पहिल्या 3 वर्षांत शुगरमुळेच ॲडमिट व्हायची वेळ आली तर तीच लागणार.

एक गोष्ट अजून सलते. वय कितीही असो, कंपनीने अर्ज घ्यायला हवा, पण पॉलिसी द्यायलाच हवी असं नाही. माझ्या मैत्रिणीची किडनी निम्म्यावर आली आहे. वय 61, म्हणजे आयुष्मान कार्डाला अजून 9 वर्षं. तिला नकाराचं पत्र आलं. थांबायला ती तयार होती, लोडिंग द्यायलाही तयार होती. नियामकाने पुढचा नियम तिच्यासारख्यांसाठी करावा.