धडधड

घाबरायला काहीतरी कारण लागते, असा आपला समज. साप दिसला, परीक्षा आली, वडिलांचा आवाज चढला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी खानापूरच्या बसमध्ये मला यांपैकी काहीच नसताना छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आपण आता मरणार अशी खात्रीच झाली. पंधरा-वीस मिनिटांत सगळे ओसरले. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणाले. काही नाही, तर मग ते होते काय? महिन्यात पुन्हा तीनदा तेच झाले आणि बसमध्ये पाय ठेवणेच मला नकोसे झाले.

शेवटी मामांनी धारवाडला डिमहान्समध्ये नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासून घेतले. त्याच्या विकारातही अशी धडधड होते. मग नाव सांगितले: पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीर पळायची तयारी करते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. मन त्यालाच हृदयविकार समजते, भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. हे चक्र डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडले. (आणि हा भित्र्यांचा रोग म्हणणाऱ्यांसाठी: अशाच लक्षणांची नोंद डा कोस्टा यांनी १८७१ साली केली, ती अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांत!)

उपचार मात्र अजब. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावले. त्याच मुंग्या, तीच चक्कर! ‘हेदरब्याड,’ ते हसून म्हणाले, ‘हे आता तूच आणलेस ना?’ त्यानंतर बसचा प्रवास, आधी एक थांबा, मग दोन, मग खानापूर. धडधड आली तरी उतरायचे नाही. सोबत सर्ट्रालिनची गोळी. तिचा गुण यायला काही आठवडे लागले. झटकन आराम देणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या त्यांनी दिल्या नाहीत. वर्षभराने सर्ट्रालिनही त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद झाली.

गेल्या महिन्यात वसतिगृहातल्या एका मित्राला रात्री तसेच झाले. आधी दवाखाना आणि ई.सी.जी.; पहिल्या वेळी तो हवाच. दुसऱ्या दिवशी मी त्याला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात, कन्नडातही.

‘मला वेड लागलंय काय रे?’ त्याने विचारले.

‘मला लागलंय असं वाटतंय काय? लाव की फोन.’

अर्धा तास तो गच्चीवर कन्नडात बोलत होता.