अळणी जेवण



लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायाची पहिली सहा वचने आपल्या परिचयाची आहेत. शब्बाथ दिवशी येशू एका परूशी पुढाऱ्याच्या घरी जेवायला जातो आणि तिथे त्याच्यासमोर जलोदर झालेला एक माणूस असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा आम्ही कितीतरी वर्षे शिकवला. शब्बाथाचा मुद्दा समजावून सांगायचो, आणि जलोदर म्हणजे पोटात पाणी होण्याचा आजार, एवढे सांगून पुढे सरकायचो. त्या शब्दाचे वजन आम्हाला कळले ते इथे सुरतेत, लिंबायतच्या एका दहा बाय दहाच्या खोलीत.

रविवारी मिस्सा झाल्यावर आजाऱ्यांना भेटायला जाणारे आम्ही चार-पाच जण आहोत. ज्या काकांकडे गेलो ते मूळचे नंदुरबारकडचे. तरुणपणी भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत बसून इकडे आले आणि लूमच्या खात्यात लागले, ते कायमचेच. आम्ही पाहिले तेव्हा हातपाय काडीसारखे झाले होते, पोट मात्र तट्ट फुगलेले, बेंबी बाहेर आलेली, पावलांवर सूज. आडवे झाले की दम लागायचा, म्हणून रात्र-रात्र भिंतीला टेकून बसत.

आता आमची चूक सांगतो. जिना चढतानाच आमच्यात कुजबुज झाली, "पीत असणार." गुजरातेत दारूबंदी आहे, पण ती किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आत गेल्यावरही आम्ही आडून आडून तेच विचारत राहिलो. शेवटी काकू म्हणाल्या, "दादा, तुम्ही प्रार्थनेला आलात की चौकशीला?"

काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांना हिपॅटायटिस बी होता. कधी शरीरात शिरला, त्यांनाही माहीत नव्हते. हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो. २००९ मध्ये आपल्याच गुजरातेत, मोडासा भागात, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे याची मोठी साथ आली होती. आणि समजा, काका पीत असते, तरी आमच्या प्रश्नाने त्यांचे काय भले होणार होते? जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलेच होते, पाप कोणाचे? प्रभूने त्या प्रश्नाची वाटच बदलली.

सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला आजार समजावला. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतातून पुढे जाते. यकृत कडक झाले, म्हणजे सिऱ्होसिस झाला, की ते रक्त मागे तुंबते आणि शिरांमधला दाब वाढतो. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन कमी पडते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि पाणी पोटाच्या पोकळीत झिरपत राहते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापी घराघरांत शिरली होती, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे लगेच समजेल. पाण्याला पुढे वाट नसली की ते मिळेल तिथे शिरते. सिऱ्होसिस हे सर्वांत नेहमीचे कारण, पण टीबी, कर्करोग, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार यांनीही पोटात पाणी होते. म्हणून पहिल्यांदा पोट फुगले की सुईने थोडे पाणी काढून तपासतात.

मग आमची दुसरी चूक उघडी पडली. मायेपोटी आम्ही दर रविवारी डबा नेत होतो. त्यात पापड, लोणचे, फरसाण, खारी. "सैंधव घातलेय, चालते," असेही कोणीतरी म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला. सैंधव हेही मीठच. बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते, आणि अशा रुग्णांना देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळीबरोबर ते धोक्याचे ठरू शकते. मीठ जिथे थांबते तिथे पाणी थांबते. दिवसभराचे सगळे मिळून साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. पिण्याचे पाणी मात्र प्रत्येकाला तोडायचे नसते. रक्तातले सोडियम फार उतरले तर डॉक्टर तसे सांगतात. डाळ, अंडे, दूध बंद करायचे नाही, उलट अंगावरचे मांस झडते म्हणून खायला हवे, आणि झोपण्यापूर्वीही थोडे पोटात जायला हवे.

त्या दिवसापासून आमचा डबा अळणी झाला. लिंबू, कोथिंबीर, जिरे, लसूण यांवर चव भागवायची. उपवासकाळात काकांनाही उपवास धरायचा होता. आजाऱ्याला तो लागू नाही, असे फादरांनी सांगितल्यावर ते हसून म्हणाले, "माझा तर बारमाही चाललाय." पृथ्वीचे मीठ व्हा, असे शिकवणाऱ्या आम्हाला मीठ न घालता प्रेम करायला त्या घरात शिकावे लागले.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी काकूंची वही आठवते. रोज सकाळी लघवीनंतर वजन घ्यायचे आणि लिहायचे. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, पटकन वाढले तर डॉक्टरांना कळवायचे. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. जडीबुटीही नको. ताप आला, पोट दुखू लागले, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा दिवसा झोपून रात्री जागू लागला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचाला झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेततो. गोळ्यांनी भागले नाही की सुईने पाणी काढतात. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढले तर शिरेतून अल्ब्युमिन देतात. काकांचे पाणी काढले की ते एक-दोन आठवडे आडवे होऊन झोपत. त्या झोपेसाठी काकू देवाचे किती आभार मानायच्या!

आणखी एक गोष्ट. 'बी' हे नाव कळल्यावर काही घरांनी काकांकडे चहा घेणे सोडले. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. त्याला लस आहे आणि बाळाला ती जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत आहेत. त्यानंतर आम्ही ठरवून काकांकडे जेवलो, सगळ्यांनी, तेच अळणी जेवण.

काका बरे झाले नाहीत. यकृत बदलणे हाच खरा उपाय होता, आणि तिथपर्यंत ते पोहोचले नाहीत. मागच्या आगमनकाळात, तैलाभ्यंग घेऊन, ते घरीच गेले. जाण्याआधी त्यांनी एक करून घेतले. मुलांची रक्ततपासणी. धाकट्याला विषाणू निघाला. तो आता औषधावर आहे, लूमवर कामाला जातो, रविवारी गायकवृंदात गातो. वडिलांना जे उशिरा कळले ते त्याला वेळेत कळले.

आता हा उतारा शिकवताना आम्ही थांबतो. त्या घरात सगळे येशूवर नजर ठेवून होते, त्या माणसाकडे कोण पाहत होते? प्रभूने त्याला पूर्वीचे काही विचारले नाही. त्याला धरले, बरे केले आणि जाऊ दिले. मग विहिरीत पडलेल्या मुलाची आणि बैलाची आठवण देऊन बाकीच्यांनाच प्रश्न केला. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. काकूंच्या प्रश्नावर आमच्याकडेही नव्हते.

हे प्रभो, आजाऱ्याच्या दारात आमची जीभ आवर. आमच्या हातांना तुझ्यासारखे धरायला शिकव. आणि ज्यांना आज रात्री बसूनच काढावी लागणार आहे, त्यांच्याजवळ तू बस. आमेन.