उजवी की डावी

कोकणात कौल दोन. घरावरचं ते कौल नपुंसकलिंगी, माकडं नाचली की फुटतं. देवापुढचा तो कौल पुल्लिंगी, आणि तो सहसा चुकत नाही असं गाव मानतं. रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावरच्या एका गावात वाढलेल्या माणसाचा जन्म या दोन कौलांच्या मध्ये गेला. त्यातला मोठा भाग दुसऱ्याच्या नादात.

पहिला कौल त्याने पाहिला तो हरवलेल्या पाड्यापायी. बाप देवळात गेला, पोरगं मागोमाग. गुरवाने पाषाणावर पाणी घातलं, ओले कळे मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला चिकटवले आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. (रीत गावागणिक बदलते. कुठे फुलाच्या पाकळ्या लावतात, कुठे तांदूळ.) पाडा जिता असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. मागे वाडीतली पंधरा-वीस माणसं उभी, आणि गुरवाच्या दर वाक्याला एका सुरात ‘व्हय म्हाराजा’. उजवा कळा हळूच सुटला आणि पायथ्याशी पडला. तिसऱ्या दिवशी पाडा वहाळात सापडला, एका पायाने लंगडत. वहाळ कुठला ते देवाने सांगितलं नव्हतं. तसं कोणी विचारलंही नव्हतं.

बाप गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. दिवसकार्य उरकल्यावर तो एकटाच देवळात गेला आणि गुरवाला म्हणाला, कौल लावा, माझा बाबा का गेला? गुरव निर्माल्य काढत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, ‘बाला, ‘का’ला कौल लागत नाय. व्हय नायतर नाय, येवढाच इचारायचा.’

विचारण्याची एवढी पक्की व्यवस्था असलेल्या गावात त्याचाच प्रश्न बसेना. त्याला जास्त लागलं ते मात्र वेगळंच. त्या दुपारी त्याच्या मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हतं.

शाळेची सहल थिबा राजवाड्यावर जाई, तशी त्याचीही गेली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा थिबा सत्तावीस वर्षांचा होता. भाट्याच्या खाडीवर नजर ठेवून असलेला हा तांबडा राजवाडा पुरा झाला १९१० साली, म्हणजे तो वाट्याला आला तो जेमतेम सहा वर्षं. १९१६ साली राजा इथेच वारला. पोरं रंगीत काचांतून एकमेकांची निळी-लाल तोंडं बघण्यात दंग होती. गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट मात्र याच्या डोक्यात राहिली: हा राजा गादीवर बसण्याआधी मठात शिकला होता आणि बौद्ध ग्रंथांची परीक्षा पास झाला होता.

ज्या ग्रंथांची ती परीक्षा, त्यांत मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. ती याच्या हाती लागली ती मोठेपणी, मुंबईत. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे? उत्तर द्या, नाहीतर मी संघ सोडतो, असं मालुंक्यपुत्ताने बुद्धाला बजावलं. बुद्ध म्हणाला, विषारी बाण लागलेला माणूस म्हणू लागला की बाण मारणारा कोण, कुठल्या जातीचा, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो तसाच मरेल. हे प्रश्न बुद्धाने न सांगता ठेवले, म्हणून ते अव्याकृत. गुरवाचं म्हणणं फार वेगळं नव्हतं. रत्नागिरीच्या तीस पावसाळ्यांत थिबाला ही गोष्ट कधी आठवली का, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. त्याची नात टूटू इथेच वाढली, मराठी बोलली आणि २००० साली इथेच गेली.

नववीत असताना त्याला कळलं की पुण्यात असा एक माणूस आहे जो ‘का’लाही उत्तर देतो. आयुका ही संस्था उभी करणारे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. कार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळे. याने आणलं, आणि चार दिवस खपून लिहिलं: ‘आकाशाला गडगा आहे का? असेल तर गडग्यापलीकडे कोणाचं आवाट?’ पत्ता घातला. टाकलं मात्र नाही. उत्तर आलं तर वाडीत दाखवायचं कोणाला, असं काहीतरी मनात आलं असावं. किंवा हस्ताक्षराची लाज वाटली असेल. चौदाव्या वर्षी दोन्ही कारणं सारख्याच वजनाची असतात.

पुढे मुंबई. आधी चुलत्याच्या खोलीत पाचवा, मग विरारला स्वतःचं बिऱ्हाड. गावात उरली ती आये. रोज रात्री साडेआठला फोन. ‘जेवलास काय?’ ‘व्हय.’ ‘पोरां बरी?’ ‘व्हय.’ मग तो विचारतो, ‘गोळी घेतलीस?’ ‘व्हय.’ तिच्याकडून कायम उजवीच पडते. करमतं का, रात्री कोणाशी बोलतेस, हे विचारायची दोघांचीही प्राज्ञा नाही. तसा फोन लागत नाही.

ही काही एका घराची कथा नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, सुमारे सतरा लाखांवरून सोळा लाखांवर, आणि हजार पुरुषांमागे बायका ११२२. मुलींचं प्रमाण उत्तम म्हणून टाळ्या वाजवण्याआधी पुरुष कुठे आहेत ते पाहावं; लोकलच्या डब्यात सापडतील. ब्रिटनने २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. आपल्याकडे ते काम शिमगा आणि गणपती करतात, पण वर्षातले पंधराएक दिवस.

२०२५ च्या मेमध्ये तो कौलं परतायला म्हणून गावी गेला. माणूस मिळेना. वाडीतल्या बावीस घरांपैकी नऊ उघडी, आणि शाकारणी येणारा एकच, तोही सत्तरीचा. त्यातच पाऊस महिना संपायच्या आधीच उतरला. माजघरात चार ठिकाणी गळू लागलं, तेव्हा ट्रंका सरकवताना शाळेच्या दाखल्याबरोबर ते कार्ड बाहेर आलं. चारच दिवसांपूर्वी, २० मेला, नारळीकर पुण्यात गेले होते. विश्वाला आरंभ आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले असताना हा माणूस आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासारखाच शेवटपर्यंत त्या म्हणण्यावर शंका घेत राहिला. बाकीच्यांची उजवी पडली, याची डावी. कार्डावरची शाई मधोमध फुटली होती. ‘गडगा’ तेवढा वाचता येत होता.

‘आये, आता तू चल माझ्याबरोबर,’ तो म्हणाला.

‘देवाला इचारूया.’

दुसऱ्या दिवशी देवळात सहा माणसं होती. जुना गुरव कधीच गेला. त्याचा पुतण्या रत्नागिरीत रिक्षा चालवतो आणि पूजेपुरता येतो. त्याने कळे लावले, गाऱ्हाणं घातलं: लेकाबरोबर हिचं मुंबईला जाणं तुझ्या मनात असेल तर उजवी दे. मागून ‘व्हय म्हाराजा’ आलं, विस्कळीत, कोणाचं आधी, कोणाचं नंतर. यानेही म्हटलं, जरा मोठ्यानेच.

कळा पडेना. गुरवाने गाऱ्हाणं पुन्हा घातलं. पावसाची हवा, पाषाण ओला, कळे घट्ट धरून बसले होते. बाहेर कोणाचा तरी मोबाईल वाजून थांबला. आयेने पदर सारखा केला आणि खांबाला टेकून खाली बसली. तिला घाई नव्हती. गुरव तिसऱ्यांदा हात जोडून उभा राहिला. याच्या लक्षात आलं की आपण डाव्या कळ्याकडेच बघत आहोत.