बोनेटवरचा तारा

२०१० सालच्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. एकूण किंमत ६५ कोटी रुपये. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण ती बातमी जगभर गेली ती औरंगाबादच्या नावानेच. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशी मंडळी एकत्र आली, कंपनीशी घासाघीस केली, सरकारी बँकेकडून सवलतीच्या दराने कर्ज मिळवले आणि मराठवाडा मागास हे ऐकून ऐकून कान किटलेल्या सगळ्यांना थोडा वेळ बरे वाटले. आम्हालाही वाटले. खोटे कशाला बोला?

आमच्या मोहल्ल्यात त्या दीडशेतली एकही गाडी आली नव्हती. पण अशा गाड्यांशी आमचा संबंध त्यांच्या मालकांपेक्षा जुना आहे. मालक मागच्या सीटवर बसतो, स्टिअरिंगवर आमचा चाचा असतो आणि गाडीखाली पाठीवर झोपलेला आमचा मामू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात गॅरेजच्या गल्लीत जा, दहा पाट्यांपैकी निम्म्या पाट्यांवरची नावे आमची निघतील. म्हणून या गाड्यांचा दबदबा आणि त्यांची खरी लायकी यांचा हिशेब आम्ही मांडला तर तो अगदीच अनाहूत म्हणता येणार नाही.

दबदबा फुकट मिळालेला नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. धडक बसली की गाडीचा पुढचा-मागचा भाग चेपावा आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहावा, ही कल्पना बेला बारेन्यी या इंजिनिअरने मर्सिडीजसाठी मांडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती प्रत्यक्ष गाडीत उतरली. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ नयेत म्हणून जे एबीएस आज साध्या मोटारसायकलीतही येते, ते १९७८ साली त्यांच्या एस-क्लासमध्ये बसले. १९८१ साली एअरबॅग आली. जे आज मध्यमवर्गाच्या गाडीत आहे ते आधी श्रीमंताच्या गाडीत होते आणि त्या प्रयोगाचा खर्च श्रीमंतांनी सोसला. या अर्थाने त्यांच्या चैनीचे थोडे उपकार आमच्यावरही आहेत. मात्र याच्या शेजारी स्वीडनची व्होल्वो ठेवून पाहावी. नील्स बोलीन यांनी १९५९ साली तीन बिंदूंचा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांसाठी खुले केले. त्या पट्ट्याने जेवढे जीव वाचवले तेवढे कुठल्या ताऱ्याने वाचवले असतील असे आम्हाला वाटत नाही.

आमच्यातले जे लोक नोकरीसाठी आखातात गेले, त्यांनी मर्सिडीजला चैनीची वस्तू म्हणून पाहिलेच नाही. मध्यपूर्वेत आणि उत्तर आफ्रिकेत ती टॅक्सी होती. मोरोक्कोत १९७०-८० च्या दशकांतल्या डिझेल मर्सिडीज सहा-सहा प्रवासी कोंबून, दोन पुढे आणि चार मागे, गावोगाव धावत राहिल्या. सरकारने २०१४ पासून अनुदान देऊन त्या हटवायला घेतल्या, तोवर त्यांचे किलोमीटर मोजायचे कुणी मनावर घेतले नसेल. मीटर बंद पडलेला, दरवाजे तिसऱ्याच गाडीचे, रंग उडालेला, आणि इंजिन चालू. नाव झाले ते इथे. जाहिरातीने नाव होत नाही, फार तर झालेले नाव विकता येते.

आपल्याकडे मर्सिडीज बनू लागली ती १९९५ साली, पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. कंपनीने इथे जे ई-क्लास मॉडेल आणले, त्याच्या जागी युरोपात त्याच साली नवे मॉडेल आले. लाखो रुपये मोजून शिळे ताट पुढे आले, असे इथल्या धनिकांना वाटले. गंमत अशी की ते शिळेच चांगले होते! नंतरच्या मॉडेलला गंज लागू लागला आणि जुन्या जातीच्या गाड्या आजही मिस्त्री लोक बोनेट उघडून शागिर्दांना दाखवतात.

नव्वदीच्या दशकातच कुठेतरी नाव एकीकडे आणि माल दुसरीकडे अशी फारकत सुरू झाली. १९९७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत चक्क उलटली. रस्त्यात अचानक सांबरासारखे जनावर आडवे आले तर गाडी कशी वळते, एवढेच पाहायचे होते. कंपनीला विक्री थांबवावी लागली, गाडी सुधारावी लागली आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत द्यावी लागली. २००५ साली तर ब्रेक आणि विजेच्या दोषांपायी याच कंपनीने १३ लाख गाड्या परत बोलावल्या. त्याउलट जपानची लेक्सस पाहा. तिला ना घराणे ना परंपरा. १९८९ साली अमेरिकेत आली आणि तीनच महिन्यांत, जेमतेम दोन-तीन तक्रारींवरून, सुमारे आठ हजार गाड्या दुरुस्तीला घेतल्या. कंपनीची माणसे ग्राहकांच्या घरी गेली, गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या आणि टाकी भरून परत आणून दिल्या. घराणे तिथून तयार झाले. आपल्याकडे खानदानाच्या गप्पा मारणाऱ्यांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही.

आणि मग २०१५ चा सप्टेंबर. फोक्सवॅगन समूहाने आपल्या डिझेल गाड्यांत अशी संगणकी युक्ती बसवली होती की प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीला कळावे, तेवढ्यापुरता धूर तिने स्वच्छ सोडावा आणि रस्त्यावर आली की पुन्हा विष ओकावे. जगभरात अशा गाड्या सुमारे १ कोटी १० लाख. त्यांत ऑडीही होत्या. ऑडीच्या तेव्हाच्या प्रमुखाला २०२३ च्या जूनमध्ये म्युनिकच्या न्यायालयाने निलंबित कैद आणि दंडाची शिक्षा दिली. मराठीत याला मापात पाप म्हणतात. कुरआनात एक अख्खी सूरा मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने आहे, अल्-मुतफ्फिफीन, क्रमाने त्र्याऐंशीवी. बाजारात अर्धा पाव कमी तोलणाऱ्या भाजीवाल्याला आम्ही जे ऐकवतो, ते जर्मन सुटाबुटातल्या इंजिनिअरला ऐकवायला आमची जीभ का अडखळते? तराजू दोघांच्याही हातात होता. एकाची ग्राहक गल्ली होती, दुसऱ्याने जगाच्या फुप्फुसांना फसवले.

आता मालकांच्या अपेक्षांकडे येऊ. माणूस चाळीस-पन्नास लाख देतो तेव्हा तो गाडी घेत नाही, बेफिकिरी घेतो. यापुढे काही बिघडणार नाही, बिघडलेच तर लोक धावत येतील आणि अपघात झाला तरी आपल्याला काही होणार नाही, अशी तीन वचने त्याला न लिहिता मिळालेली असतात. तिन्ही कशी निघतात ते सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात वाचायला मिळते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००९ च्या सप्टेंबरात घेतलेली एक बीएमडब्ल्यू काही दिवसांतच बिघडली. प्रकरण पोलिसांत गेले, उच्च न्यायालयात गेले, आणि कंपनीने ५० लाख रुपये द्यावेत हा अखेरचा आदेश झाला जुलै २०२४ मध्ये. त्याच महिन्यात, चालताना आतला मधला भाग तापतो अशी तक्रार असलेल्या एका मर्सिडीजबद्दल ३६ लाख परत करण्याचा आदेश झाला. ती गाडी वीस वर्षांपूर्वीची. ज्यांच्याकडे वकील ठेवण्याची ऐपत होती त्यांची ही कथा.

तिसऱ्या वचनाविषयी फार लिहवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. आणि १९ मे २०२४ च्या रात्री पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शने मोटारसायकलीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. त्या कोट्यवधींच्या गाडीची नोंदणी राहिली होती ती १,७५८ रुपयांचे शुल्क भरले नाही म्हणून. बेफिकिरी विकत घेतली की ती कुठवर जाते, त्याचा हा आकडा.

आमच्यात हे वेड नाही असे समजू नका. उलट, निकाहच्या वरातीसाठी भाड्याची का होईना, लांब काळी गाडी दारात हवीच. नात्यातल्या एका मामूंनी तर मुलाच्या लग्नाआधी जुनी जर्मन गाडी विकतच घेतली. नवी असताना अर्ध्या कोटीची, दहा वर्षांनी आठ लाखांना मिळाली. वलीमा झाला आणि गाडी खाली बसली. हवेवर चालणारे सस्पेन्शन गेले होते. कंपनीच्या वर्कशॉपने खर्चाचा जो कागद दिला, तो मामू अजून कुणाला दाखवत नाहीत. घसरणारी किंमत ही बाजाराने दिलेली खरी साक्ष आहे. वॉरंटी संपलेल्या आलिशान गाडीवर जिचा तिच्या पहिल्या मालकाचाच विश्वास नाही, तिच्यावर दुसऱ्याने का ठेवावा? जकातीच्या हिशेबातही हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. स्वतःच्या वापराच्या वाहनावर जकात नाही. साठ लाख बँकेत वर्षभर राहिले तर अडीच टक्क्यांनी दीड लाख गरिबांचे निघतात, तेच गाडीत घातले तर काहीच नाही. शरीयतने सूट दिली ती गरजेच्या घोड्यासाठी. इसराफसाठी दिली असे कुणी आलिम म्हणणार नाही.

पण आमचा खरा जीव अडकला आहे तो गॅरेजात. पूर्वी मिस्त्री कानाने इंजिन ओळखत. आता गाडीला आधी संगणक जोडावा लागतो आणि तो संगणक कंपनीपाशी. साधा दिवा बदलला तरी काही गाड्यांत त्याची ओळख गाडीला पटवून द्यावी लागते. आमचे एक उस्ताद म्हणतात, "गाडी तो अच्छीच है, पन चाबी कंपनी कने है." ही केवळ गल्लीतली कुरकुर नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. आरोप हाच, की अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि तपासणीची उपकरणे व माहितीपुस्तके बाहेरच्या मिस्त्रींना देत नाहीत. या चौदांत मर्सिडीज होती, बीएमडब्ल्यू होती, फोक्सवॅगन आणि स्कोडाही होत्या. पुढे अपिले झाली, ते चालायचेच. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग सुटे करून विकणाऱ्यांना मात्र अजून चोरासारखेच वागवले जाते. वास्तविक आठ लाखांची ती मामूंची गाडी पुन्हा उभी राहिली ती त्यांच्यामुळे. आलिशान नावाची जी महागाई आहे, तिचा किती भाग लोखंडाचा आणि किती भाग कुलपाचा, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

गाडी चांगली कशाने होते याचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या मर्सिडीज कारखान्यातल्या कामगारांनी त्यांच्यासाठी गाडी करायची ठरवली. सामान कंपनीने दिले, मेहनत कामगारांनी जादा वेळ थांबून, मजुरी न घेता. चार दिवसांत लाल रंगाची एस-क्लास तयार झाली. तपासणीत अशा गाडीत एरवी साठ-सत्तर दोष निघत, तिच्यात नऊ निघाले. कारखाना तोच, यंत्रे तीच, बोनेटवरचा तारा तोच.

शेंद्र्याला, आमच्या शहराच्या वेशीवर, ऑडीची जोडणी होते. मोहल्ल्यातली आयटीआय झालेली पोरे अशा कारखान्यांत कंत्राटावर नट कसतात आणि कंत्राट संपले की मामूंच्या गॅरेजात येऊन बसतात. जी गाडी त्यांनी आत जोडली, तीच बाहेर उघडायची तर त्यांना पुस्तक मिळत नाही.