पहिल्या चलनाबरोबरची नोटीस

सातबाऱ्यावर बोजा चढला की जमिनीचा व्यवहार कसा अडतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कॅलिफोर्नियात बांधकामाला सळई, काँक्रीट किंवा काचा पुरवणाऱ्याचे पैसे थकले, तर त्यालाही मालकाच्या मिळकतीवर तसाच बोजा चढवता येतो. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात, आणि १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क दिलेला आहे. पण मालकाशी ज्याचा थेट करार नाही, त्याचा हक्क एका कागदावर उभा असतो. पहिला माल दिल्यापासून २० दिवसांत मालकाला, मुख्य कंत्राटदाराला आणि बांधकामाला कर्ज देणाऱ्या बँकेला पाठवायची ही प्रिलिमिनरी नोटीस. (रोजाने राबणाऱ्या मजुराला तिच्यातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे.) आमच्या धंद्यात हा कागद बहुधा वसुली पाहणाऱ्याच्या टेबलावर ढकलला जातो. माझ्या मते तो ऑर्डर घेणाऱ्याचा आहे.

कारण नोटिशीला जे लागतं ते पहिल्याच दिवशी सहज मिळतं: मिळकतीचा पत्ता, मालकाचं नाव, बँकेचं नाव. मालक आणि बँक यांची नावं-पत्ते मागणाऱ्याला देणं मुख्य कंत्राटदारावर कायद्याने बंधनकारक आहे. ऑर्डर ठरत असताना तो ती आनंदाने देतो. बिल तीन महिने थकल्यावर त्याच माणसाचा फोन लागत नाही. शिवाय उशिराची नोटीस निरुपयोगी नसली तरी अर्धीच कामाची असते. ती दिल्या दिवसापासून मागचे २० दिवस आणि पुढचं काम एवढंच झाकते. १ मार्चला पहिला ट्रक गेला आणि नोटीस ३० एप्रिलला निघाली, तर १० एप्रिलच्या आधीच्या मालावर बोजा चढवता येत नाही. पायाचा माल बहुधा त्याच आठवड्यांत जातो, आणि वसुली पाहणाऱ्याला त्या कामाची पहिली खबर लागते ती थकबाकीच्या यादीतून.

यावर विक्री सांभाळणाऱ्यांचं म्हणणं असतं की पहिल्याच आठवड्यात नोटीस धाडली तर गिऱ्हाईक दुखावतं, अविश्वास दिसतो. ही भीती कायदा करणाऱ्यांनीही ओळखली होती. नोटिशीच्या ठरावीक मजकुरातच लिहिलेलं असतं की ही कायद्याने द्यावी लागते आणि तिच्यातून कंत्राटदाराच्या आर्थिक स्थितीबद्दल काही सुचवायचं नाही. प्रत्येक कामाला, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ती जात असेल तर कुणाला लागण्याचं कारण उरत नाही. अविश्वास दिसतो तो निवडून पाठवलेल्या नोटिशीत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कंत्राटदाराला पूर्ण पैसे चुकते केलेल्या घरमालकाने पुरवठादारासाठी पुन्हा का मोजावे? हे एरवी अन्यायाचंच झालं असतं. वेळेवर गेलेली नोटीस ते टाळायची संधी देते. तिच्यामुळे आपल्या घरात कुणाचा माल लागतोय हे मालकाला पैसे देण्यापूर्वी कळतं, आणि प्रत्येक हप्त्याआधी तो त्या पुरवठादाराची सही असलेला हक्कसोडीचा कागद मागू शकतो. चेक वटेपर्यंत सशर्त, वटल्यावर बिनशर्त. म्हणून मालकाचीही जबाबदारी आहे की ते पाकीट खणात पडू देऊ नये. पण रजिस्टर्ड टपालाने आलेली कायद्याची भाषा पहिल्यांदा घर वाढवणाऱ्याला घाबरवते, मग तो फ्रीमाँटचा मराठी इंजिनिअर का असेना. पाठवणाऱ्याने सोबत साध्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. कायदा ते मागत नाही, मी मागतो.

आणि ऑर्डर घेणाऱ्याची जबाबदारी नोटीस टपालात पडली म्हणून संपत नाही. काम पुरं झाल्यावर लीन नोंदवायला एरवी ९० दिवस मिळतात. पण मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद रीतसर केली की पुरवठादाराला त्या नोंदीपासून ३० दिवसच उरतात. शेवटचा ट्रक कधी गेला आणि साइटवर काय चाललंय, हे कार्यालयात सगळ्यांत आधी त्यालाच ठाऊक असतं.