पाणी दिसलं पाहिजे!

ऑफिसात ‘याच्याकडे चांगला कॅमेरा आहे’ ही बातमी एकदा फुटली की संपलंच. कुणाचा साखरपुडा, कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाला नुसताच नवा डीपी हवा... तुमचे वीकएण्ड दुसरेच लोक ठरवायला लागतात. पण गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, ‘‘कोयनानगरला येतोस? आजोबांचा एक धड फोटो काढून हवाय,’’ तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. एकतर कोयना! आणि दुसरं म्हणजे, हप्त्यांवर घेतलेला माझा बॅटरीवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश सहा महिने कपाटात धूळ खात होता.

‘धड’ फोटो का, ते तिथे गेल्यावर कळलं. घरात आजोबांचा जुना म्हणावा असा एकच फोटो. धरणाच्या कामावरच्या ओळखपत्रावरचा, अर्ध्या कानावर शिक्का असलेला. बाकीचे सगळे नातवंडांनी मोबाइलवर काढलेले. त्यात एकतर आजोबा काळेठिक्कर, नाहीतर मागचं सगळं पांढरंफटक. आजोबांची अट मात्र एकच होती. ‘‘पाव्हणं, मागं पानी दिसलं पायजे.’’

त्या अटीमागची गोष्ट रात्री जेवताना कळली. कोयना धरणाचं काम १९५६ च्या सुमारास सुरू झालं आणि १९६४ मध्ये संपलं. मागे शिवसागर जलाशय पसरला. त्यात कितीतरी गावं गेली, त्यातलं एक आजोबांचं. घरची मंडळी पुनर्वसनाच्या गावी गेली. आजोबा ऐन विशीतले, धरणाच्याच कामावर रोजंदारीला. ते इथेच राहिले. म्हणजे ज्या भिंतीमुळे गाव बुडालं, तीच उभी करायला हातभार! ‘‘मग राग नाही आला?’’ मी विचारलं. ‘‘आला की. पर चूल पेटवायची हुती,’’ एवढंच म्हणाले.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. साडेचारच्या आत कोयनेचा तो भूकंप झाला, रिश्टर स्केलवर साडेसहाच्या आसपासचा. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर त्याला आणखी मजबुती दिली गेली. आजोबांच्या घरातले सगळे वाचले, पण भिंतीवर टांगलेल्या तसबिरी मातीत गेल्या. बुडालेल्या घरापुढे काढलेला एकुलता एक फोटो त्यातच होता.

आता कळलं ना, पाणी का दिसायला हवं ते?

सकाळी उठलो तर आमचीच फजिती. रात्री फ्लॅशची बॅटरी चार्जिंगला लावली होती, पण बोर्डावरचं बटण दाबायचंच राहिलं! दुसरी बॅटरी होती, पण तिच्यात दोनच कांड्या. आजोबा खदाखदा हसले. ‘‘एवढं मोठं धरन उशाला, आन् बॅटरी रिकामी? दिव्याखाली अंधार म्हनत्यात त्यो ह्योच!’’ बरोबरच होतं. कोयना प्रकल्पाची सगळी वीजगृहं मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. आणि आम्ही दोन कांड्यांवर निघालो.

नवजाच्या रस्त्याला, त्यांच्या भावकीच्या वस्तीजवळ पाण्याच्या वर एक उघडा उतार आहे. जलाशय पूर्वेला. सकाळचे दहा वाजलेले, म्हणजे सूर्य आजोबांच्या पाठीशी. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर घोंगडी. टोपीच्या कडेला उन्हाची रेघ झकास आलेली. चेहरा मात्र पूर्ण सावलीत. पहिला फोटो पाण्याच्या हिशेबाने काढला, तर आजोबांची नुसती सावली आली. दुसरा चेहऱ्याच्या हिशेबाने काढला, तर मागे धुतलेल्या चादरीसारखं पांढरं! मोबाइलवाल्या नातवंडांचा काही दोष नव्हता. माणूस आणि जागा, दोघांवर वेगवेगळा उजेड असला की कुठलाही कॅमेरा एकाचीच बाजू घेतो. दोघांना एका फोटोत नीट आणायचं, तर सावलीतल्याला थोडा उजेड उसना द्यावा लागतो. फ्लॅश त्यासाठी.

आता थोडं तंत्राचं, पण कंटाळू नका. कॅमेऱ्यात दुकानासारखी दोन शटरं असतात. पहिलं उघडतं, दुसरं मागून येऊन बंद करतं. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा मिळतो, जेव्हा सगळं दुकान उघडं असतं. तेवढ्यात फ्लॅश उडाला की फोटो पूर्ण उजळतो. त्याहून वेग वाढवला की पहिलं शटर पुरतं उघडायच्या आत दुसरं निघतं. मग नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅशचा झटका त्या फटीपुरताच पडतो आणि बाकीचा फोटो काळ्या पट्ट्यात जातो. हाय-स्पीड सिंक म्हणजे यावरची युक्ती. फ्लॅश एकदाच उडण्याऐवजी अतिवेगाने लुकलुकत राहतो, फट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत. लवंगी फटाक्याऐवजी फुलबाजी म्हणा ना! ऑलिम्पसने १९८६ मध्येच छोट्या फ्लॅशमध्ये हे आणलं होतं. पण स्टुडिओइतका दमदार फ्लॅश उघड्यावर न्यायचा म्हणजे जनरेटर, नाहीतर जड बॅटरी पॅक लागायचा. २०१३ मध्ये प्रोफोटोचा बी१ आला, मग गोडॉक्सचे स्वस्त फ्लॅश आले आणि दोनशे वॉट-सेकंदांचा दिवा खांद्यावरच्या सॅकमध्ये मावायला लागला.

हे सगळं कशासाठी? भर उन्हात आयएसओ १०० ठेवला तर एफ १६ आणि १/१२५ सेकंद हा जुना ठोकताळा. त्याच उजेडात लेन्स एफ २.८ पर्यंत उघडायची, म्हणजे मागचं सगळं मऊ, धूसर करायचं, तर वेग थेट १/४००० वर न्यावा लागतो. तिथे साधा फ्लॅश चालत नाही, फुलबाजीच लागते. मासिकांच्या कव्हरवर भर दुपारी मॉडेलचा चेहरा लख्ख आणि मागे नुसते रंग दिसतात ना, त्यात अनेकदा हाच हात असतो.

मी अर्थातच तेच केलं. फ्लॅशपुढे सॉफ्टबॉक्स लावला. पण पाण्यावरून येणारा वारा त्याला पतंगासारखा उचलायला लागला. शेवटी मैत्रिणीच्या चुलतभावाने स्टॅण्ड धरला आणि खाली पिशवीत दगड भरून टांगले. ‘‘मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, चमकंल का?’’ आजोबांनी विचारलं. उन्हात बाहुली आधीच बारीक झालेली असते आणि सॉफ्टबॉक्समुळे उजेड पसरून येतो, त्यामुळे अंधारातल्यासारखा फटका बसत नाही, हे सांगितलं. एकदा दूरवर उडवून दाखवला, मग ते तयार झाले. एफ २.८, १/४०००, फ्लॅश फुल्ल ताकदीवर, जेमतेम मीटरभर अंतरावर. क्लिक!

काय फोटो आला होता! सुरकुती न् सुरकुती बोलत होती. मैत्रीण ‘वॉव’ म्हणाली. मी मनातल्या मनात फ्रेम करूनही टाकला.

आजोबांनी चष्मा चढवला. स्क्रीन बराच वेळ बघितला. ‘‘म्या झ्याक दिसतुया. पर पानी कुठाय?’’

‘‘मागे निळं दिसतंय ना आजोबा, ते पाणीच.’’

‘‘त्ये व्हय? मला वाटलं इश्टुडिओतला पडदा हाय.’’

कुणी काही बोलेना. दोनशे किलोमीटर गाडी हाकत आलो, ते पडदा लावायला? मला नव्या खेळण्याची हौस होती आणि त्यांना गाव हवं होतं. हाय-स्पीड सिंक ज्यासाठी वापरतात, म्हणजे मागचं पुसून टाकायला, नेमकं तेच इथे नको होतं.

‘‘आजोबा, गाव नक्की कुठे होतं?’’ खरं तर हे आधीच विचारायला हवं होतं.

त्यांनी वळून काठी उचलली. ‘‘त्यो डोंगराचा नाक दिसतोय न्हवं? त्याच्या खाली पानी आत घुसलंय बगा. तितं वढा हुता. वढ्याच्या वर आमचं घर. उन्हाळ्यात पानी लईच उतरलं की द्येवळाचा चौथरा उगडा पडतो.’’

मग सगळं बदललं. लांबची लेन्स काढून ३५ मिमीची लावली. डोंगराचं नाक आणि आत घुसलेलं पाणी आजोबांच्या उजव्या खांद्याशी येईल, असं त्यांना उभं केलं. लेन्स बारीक करून एफ ११ वर, वेग १/२५०. उन्हाच्या हिशेबाने हे आणि मघाचं गणित एकच, पण आता मागचं सगळं स्पष्ट. आणि १/२५० म्हणजे दुकान पूर्ण उघडं, म्हणून फुलबाजी बंद, साधा फटाका चालू. याचा आणखी एक फायदा. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते. तेवढ्याच उजेडासाठी जवळजवळ चौपट दम लागतो. आता फ्लॅश थोडा मागे नेला, तरी आमच्या दोन कांड्या पुरल्या.

या वेळी आजोबांनी स्क्रीन बघितला आणि काहीच बोलले नाहीत. नखाने त्या डोंगराच्या नाकापाशी टकटक केलं आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

म्हणजे माझं महागडं फीचर फुकट गेलं का? छे! संध्याकाळी नेहरू उद्यानात मैत्रिणीला डीपी हवा होता. मागे सहलीची पोरं, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, सेल्फीवाले... तिथे फुलबाजी पुन्हा पेटवली आणि सगळी गर्दी रंगांत विरघळवून टाकली. मागचं नको असेल तेव्हा हाय-स्पीड सिंकसारखा दोस्त नाही. मागचं हवं असेल तेव्हा साधा फ्लॅश बरा. कुठे उभे आहोत हे आधी विचारायचं आणि मग बटण दाबायचं, इतकंच.

पंधरा दिवसांनी मोठी प्रिंट लॅमिनेट करून पाठवली. मैत्रिणीने एक छोटा व्हिडिओ दाखवला. भिंतीवर फोटो, समोर आजोबा, कडेवर पणतू. पोरगं फोटोतल्या आजोबांच्या नाकाला हात लावतंय आणि आजोबा त्याचं बोट धरून खांद्याच्या वर, पाण्यावर नेऊन ठेवतायत. ‘‘हितं बग. हितं आपलं घर.’’

कसं जाल, काय न्याल?

पुण्याहून कोयनानगर सुमारे २०० किलोमीटर. साताऱ्यापुढे उंब्रजहून किंवा कराडहून पाटणमार्गे. कोकणातून येत असाल तर चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून. पावसाळ्यात नवजाजवळचा ओझर्डे धबधबा बघण्यासारखा असतो, पण इथला पाऊस म्हणजे पाऊस! फ्लॅशमध्ये आत मोठा विद्युतदाब असतो, त्यामुळे भिजत्या हवेत तो बाहेर काढूच नका. फोटोसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. धरण हा संरक्षित भाग आहे, भिंतीकडे कॅमेरा रोखू नका. अभयारण्यात प्राण्यांवर फ्लॅश अजिबात नको. सोबत स्टॅण्ड, तो धरायला एक माणूस, दगड भरायला रिकामी पिशवी. हाय-स्पीड सिंक हवं असेल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीला चालणारा ट्रिगर बघून घ्या. मागचं धूसर हवं, पण फ्लॅशची ताकद घालवायची नसेल, तर लेन्सवर गडद एनडी फिल्टर चढवून १/२५० वरच राहा.

आणि रात्री चार्जर लावलात की बोर्डावरचं बटण दाबलंय का, ते एकदा बघा!