कुबाची वाट

मदिनेत मस्जिदे नबवीच्या दक्षिण बाजूने बाहेर पडले की मस्जिदे कुबाकडे जाणारा पायी चालण्याचा रस्ता लागतो. रुंद, फरसबंद, मोटारींची कटकट नसलेला, साधारण तीन किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना खजूर, अत्तर, तसबीह, जानमाज आणि लहान मुलांच्या खेळण्यांची दुकाने. मधूनमधून चहा-कॉफीच्या टपऱ्या आणि बसायला बाके. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या. पैगंबर मुहम्मद (स.) शनिवारी कुबाला जात असत, कधी पायी, कधी स्वारीवर. म्हणून शनिवारी फज्रची नमाज झाली की या रस्त्यावर माणसांची रीघ लागते. जगातल्या सगळ्या भाषा कानावर पडतात. आमच्या पुढे तुर्कस्तानच्या वृद्ध बायकांचा एक अख्खा ताफा एकसारखे रुमाल बांधून चालला होता.

या तीन किलोमीटरसाठी मी साताऱ्याहून निघताना बॅगेच्या तळाला, दुपट्ट्यांच्या खाली, पळायचे बूट ठेवले होते. आणि त्यावरून घरात शब्दाला शब्द लागला होता.

मी धावते. मॅरेथॉनवाली मोठी धावपटू वगैरे नाही, पण गेली सहा वर्षे फज्रनंतर घराबाहेर पडायचे, पूर्ण बाह्यांचा सैलसर कुर्ता आणि डोक्याला घट्ट ओढणी बांधून सात-आठ किलोमीटर पळायचे आणि मुलांचे डबे भरायच्या आत घरी यायचे, हा माझा नेम. साताऱ्यात धावणाऱ्यांना यवतेश्वरचा घाट खुणावतोच. आमच्याकडची डोंगरातली हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. 21 किलोमीटरपैकी निम्मे अंतर चढ आणि निम्मे उतार. ती मी दोनदा पूर्ण केली आहे. लोकांना वाटते चढ अवघड. प्रत्यक्षात हाडे मोडतात ती उतारावर.

माझेही तसेच झाले. स्पर्धेच्या हौसेने जूनपासून आठवड्याचे अंतर एकदम वाढवले आणि जुलैत घाट उतरताना उजव्या पंजात कळ आली. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, 'मुका मार आहे' म्हणाले, मलम दिले. मी आणखी तीन आठवडे त्याच पायावर पळत राहिले, हा माझा गाढवपणा. ऑगस्टच्या अखेरीस दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय काढला तेव्हा कळले, पंजाच्या दुसऱ्या लांब हाडाला बारीक चीर गेली आहे. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. सोबत रक्तही तपासले. ड जीवनसत्त्व फारच कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाला नुसते दूध पुरत नाही, ऊनही लागते. पहाटे अंधारात पळता, दिवसभर घरात असता, बाहेर पडता तेव्हा अंग झाकलेले. मग हाडाने करायचे काय?" आठवड्याला एक पुडी सुरू झाली आणि दुपारी गच्चीवर बाह्या वर सारून बसायचे पथ्य लागले. आपल्या घरातल्या बायांनी ही एक तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करावी, पळत असोत वा नसोत.

सहा आठवडे पायात जाडजूड बूट. स्वयंपाकघरात उभे राहायचे नाही. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. माझे सहा वर्षांचे धावणे ज्यांच्या जिवावर चालले होते त्या आमच्या अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई. रविवारी मी लांबच्या पल्ल्याला जाई तेव्हा नाश्ता त्या करत. मुलगी झोपेतून रडत उठली तर त्याच घेत. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले. त्या गुडघ्यांवर त्यांनी सहा आठवडे चारी माणसांचे घर ओढले, वर मला अंथरुणावर चहा आणून दिला. एकदाही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. एका रात्री मी त्यांना ओट्याला टेकून, डोळे मिटून, गुडघा चोळताना पाहिले आणि मनाशी ठरवले, बस झाले. आता धावणे नाही.

उमराहचे पैसे दोन वर्षांपासून साठवत होतो. डिसेंबरात निघायचे ठरले. निघण्याच्या आठ दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला आणि म्हणाल्या, आता सुरू करा. एक मिनिट पळायचे, चार मिनिटे चालायचे, असे पाच वेळा. एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजा दुखला तर दोन दिवस थांबायचे. मी मान डोलावली आणि घरी कोणाला सांगितले नाही. पण बूट मात्र बॅगेत ठेवले. मुलांच्या अब्बांना ते विमानतळावर जायच्या आदल्या रात्री सापडले.

"आपण इबादतीला चाललोय. तिथंही हेच?" ते म्हणाले. चिडून नाही, थकून म्हणाले, ते जास्त लागले. माझ्याकडे उत्तर नव्हते. अम्मा तसबीह फिरवत बसल्या होत्या. "चालायला बूट लागतातच," एवढेच त्या म्हणाल्या आणि बॅगेची चेन लागली.

मक्केत पायाची पहिली परीक्षा झाली. ज्यांना टाच, पंजा, गुडघा यांचे दुखणे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. हरममधला पांढरा संगमरवर उन्हातही थंड राहतो, पण असतो दगडच, आणि चालणे होते तासन्‌तास. एहरामात पुरुषांना मोजे चालत नाहीत, बायकांना चालतात. मी दोन जोड मोजे आणि फक्त आत वापरायच्या कोऱ्या, मऊ तळाच्या सपाता वेगळ्या पिशवीत ठेवल्या होत्या. तवाफ आम्ही रात्री दीडच्या सुमारास केला, गर्दी थोडी ओसरलेली असते म्हणून. अम्मांनी व्हीलचेअर साफ नाकारली. काबागृहाभोवतीच्या सातही फेऱ्या त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पायी केल्या. कोण कोणाला आधार देत होते ते सांगणे कठीण आहे. मला त्या रात्री पायाची आठवण झाली ती थेट जमजम पिताना.

सईसाठी मात्र त्या खुर्चीत बसल्या. सफा ते मरवा अशा सात फेऱ्या, सगळे मिळून सुमारे तीन किलोमीटर. मुलांचे अब्बा खुर्ची ढकलत मधल्या मार्गिकेतून, मी दोन्ही मुलांना घेऊन शेजारून. सफाकडून निघाल्यावर थोड्या अंतरावर छताला हिरवे दिवे लागतात. त्या टप्प्यात पुरुष झपझप पळतात. बायका आपल्या चालीने चालतात. आमचा दहा वर्षांचा मुलगा दिवे दिसताच सुटला, पुढे जाऊन थांबला आणि मी पोहोचल्यावर विचारतो कसा, "अम्मी, तू तर अब्बांपेक्षा जोरात पळतेस. मग इथं का नाही?"

मी त्याला सांगितले की बायकांसाठी इथे चालायचाच नियम आहे. मग हजरत हाजरा (अलै.) यांची गोष्ट सांगितली, जी त्याला मदरशात अर्धीमुर्धी ऐकून माहीत होती. तान्हे इस्माईल (अलै.) तहानेने तळमळत होते. दोन्ही टेकड्यांवरून त्यांना बाळ दिसत असे, पण मध्ये दरीचा खोलगट भाग होता. तिथे उतरल्या की बाळ नजरेआड होई. म्हणून त्या तेवढ्या भागात जीव खाऊन धावत. आज हिरवे दिवे आहेत ती तीच जागा. आता तिथे दरी नाही, सपाट फरशी आहे, वर पंखे आहेत. मुलगा काही वेळ गप्प राहिला. "म्हणजे पळाल्या तर त्याच होत्या," तो म्हणाला. खुर्चीतून अम्मांचा आवाज आला, "आणि लेकरासाठी पळाल्या, बक्षिसासाठी नाही." मला तो टोमणा वाटला. पुढच्या तीन फेऱ्या मी खाली बघून चालले.

मदिनेला बसने गेलो. शुक्रवार गर्दीत गेला. शनिवारी फज्र झाल्यावर मुले झोपायला खोलीवर परतली, त्यांचे अब्बा त्यांच्याजवळ थांबले. अम्मा म्हणाल्या, मला कुबाला चालत जायचे आहे. मी बॅटरीच्या गाडीचे नाव काढले तर म्हणाल्या, "परतताना." घरून वुजू करून कुबाला जाऊन दोन रकात नमाज पढली तर उमराहचे पुण्य, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. मुक्कामावरून वुजू करून निघालेल्या अम्मा तो टिकवण्यासाठी वाटेत पाण्याचा घोटही घेईनात. पुन्हा स्वच्छतागृह शोधावे लागले तर काय, ही भीती.

बाहेर चांगलाच गारवा होता. मी बूट घातले होते. सुरुवातीला अम्मा बऱ्या चालल्या. मग दर शे-दीडशे पावलांवर थांबू लागल्या. एका बाकावर टेकल्या असताना पायात खेळाचे बूट आणि अंगात काळे अबाये अशा दोन स्थानिक बायका हात हलवत भराभर चालत गेल्या. अम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या पायांकडे बघितले.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?"

मी सांगितले. एक मिनिट, चार मिनिटे, पाच वेळा. त्यांना ते आधीपासून ठाऊक होते. कागद मी देवळीत ठेवला होता, त्यांनी नातवाकडून वाचून घेतला होता.

"मग पळ की. तिथवर जा, त्या दिव्याच्या खांबापर्यंत. मी येते मागनं."

मी म्हणाले, अम्मा, ही काय जागा आहे का? त्यावर त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण काढली. प्रवासात असताना पैगंबर (स.) आणि त्या दोघांची शर्यत लागली होती, त्यात आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही वर्षांनी अंग भरल्यावर पुन्हा शर्यत लागली तेव्हा त्या हरल्या आणि पैगंबर (स.) हसत म्हणाले की त्या वेळची फिटंफाट झाली. हदीसच्या ग्रंथात आहे हे. मी कितीदा तरी वाचले होते. अम्मांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"तुमच्या गुडघ्यांवर मी पळते, अम्मा," मी शेवटी बोलले. पाच महिने घशात अडकलेले वाक्य होते ते.

"मला काय आंधळी समजतीस? गुडघे तू पळायच्या आधीच गेले होते." मग जरा थांबून, "रविवारचा नाश्ता मात्र आता त्याला करू दे. पोहे येतात त्याला. मी शिकवलेत."

मी पळाले. अबाया एका हाताने उचलून, अगदी सावकाश, घड्याळात बघत एक मिनिट. पंजा टेकताना दर पावलाला कान टवकारलेले. काही झाले नाही. खांबापाशी थांबून मागे पाहिले तर अम्मा गर्दीतून एका लयीत, डावीकडे झुकत येत होत्या. त्या पोहोचल्या तेव्हा घड्याळात चार मिनिटे होत आली होती. डॉक्टरीणबाईंनी आखलेला कार्यक्रम आणि अम्मांचे गुडघे यांचा असा मेळ बसेल असे मला स्वप्नातही वाटले नसते. पुन्हा एक मिनिट, पुन्हा वाट बघणे. चौथ्या वेळी एका दुकानदाराने खजुरांची फोड पुढे केली. तो काय म्हणाला ते कळले नाही, पण त्याला हसू येत होते. पाचवी खेप झाली तेव्हा आम्ही मस्जिदे जुमा मागे टाकली होती. हिजरतीनंतरची पहिली जुम्याची नमाज पैगंबरांनी (स.) जिथे पढवली ती ही जागा.

कुबा पांढरीशुभ्र, चार मिनारांची. इस्लाममधली पहिली मस्जिद. इसवी सन 622 मध्ये पैगंबर (स.) मक्केहून आले तेव्हा तिचा पाया घातला गेला. आजची इमारत अर्थातच नवी आणि मोठी आहे. बायकांच्या बाजूला अम्मांना खुर्ची मिळाली. त्यांनी खुर्चीवर दोन रकात पढल्या, मी शेजारी. सलाम फेरल्यावर त्या बराच वेळ दुआ करत होत्या. काय मागितले ते मी विचारले नाही.

परतताना बॅटरीच्या गाडीत बसलो. अम्मांनी आता कुठे पाण्याची बाटली तोंडाला लावली. मुक्कामावर मुलांचे अब्बा जागे होते. त्यांनी माझे बूट पाहिले, अम्मांकडे पाहिले. "पोहे करता येतात म्हणे तुम्हाला," मी म्हणाले. त्यांना काही कळेना. अम्मा आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजा दुखला नाही. सोमवारी फज्रनंतर हॉटेलच्या मागच्या गल्लीत मी पुन्हा पाच खेपा केल्या, या वेळी मुलगा सोबत होता आणि मिनिटे तो मोजत होता.

आता साताऱ्यात मार्च उजाडला आहे. सपाटीवर सलग पाच किलोमीटरपर्यंत आले आहे. घाटाचा उतार अजून बंद आहे आणि सप्टेंबरच्या स्पर्धेत नाव घालायचे की नाही, यावर घरात एकमत नाही. दर शनिवारी मात्र अम्मा माझ्याबरोबर गोडोलीच्या तळ्यापर्यंत येतात. त्या पोहोचेपर्यंत मी दोनदा पुढे जाऊन मागे येते. रविवारच्या पोह्यांत मीठ अजून कमी-जास्त होते.